दाजींनी उघडलेला कुत्र्यांचा दवाखाना

आमच्या दाजींनी स्वतःचे दात आयुष्यात कधी धड घासले नाहीत. चूळ भरली की काम झालं. असा माणूस कुत्र्यांचा दंतवैद्य झाला.

दुकान मुळात ताईचं, माझ्या थोरल्या बहिणीचं. कुत्र्यांना आंघोळ घालायची, केस कापायचे, नखं काढायची. लांबट खोली, मोठं सिंक, कमरेएवढं टेबल. शाम्पूत भिजून भिजून ताईची बोटं भेगाळलेली. दाजी तोवर विमा विकून, मग पडदे विकून, मग नुसत्या गप्पा मारून दमले होते. ते दुकानात आले आणि पंधरा दिवसांत दारावर पाटी लागली: ‘भूल न देता दात साफ. वीस मिनिटांत चमक.’ अंगात पांढरा कोट. शिक्षण म्हणाल, तर एका रविवारी लोळत पाहिलेले चार व्हिडिओ.

कुत्र्याला टॉवेलात गुंडाळायचं, ताईनं डोकं घट्ट धरायचं आणि दाजींनी आकडीनं दातांवरचं पिवळं कीटण खरवडायचं. दिसतील तेवढेच दात. मालक खूश. मालकही एकेक नग! कुत्र्याच्या तोंडाला घाण वास का येतो हे डॉक्टरला विचारायचं त्यांच्या जिवावर यायचं. चमक दिसली की प्रश्न मिटला.

ताई एकदा म्हणाली, "अहो, हिरडीच्या आतलं काय? ते तर तसंच राहतं."

"तू आंघोळी घाल," दाजी म्हणाले. "शास्त्राचं मी बघतो."

ताईची स्वतःची एक म्हातारी कुत्री होती. ठेंगणी, झिपरी, सगळे तिला बुटकी म्हणत. दाजी दर दोन महिन्यांनी तिचे दात खरवडत आणि नमुना म्हणून गिऱ्हाइकांपुढे तिचं तोंड उघडत. एका हिवाळ्यात ती डाव्या बाजूनं चावेना. मग वाटीपाशी जायची, हुंगायची आणि परत फिरायची. पुढे डोळ्याखाली सूज आली.

"गांधीलमाशी चावली असेल," दाजींचं निदान.

कडाक्याच्या थंडीत गांधीलमाशी! ताईनं ॲप्रन काढला, बुटकीला शालीत घेतलं आणि मला फोन केला, "गाडी घेऊन ये." दाजीही मागे बसले, कोटासकट.

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी बुटकीचा ओठ वर करून पाहिला. "दात वरून तर स्वच्छ आहेत. कोण साफ करतं?"

"मीच," दाजींनी कॉलर सारखी केली.

बाईंनी बुटकीला आत नेलं. रक्त तपासलं, भूल दिली, एक्स-रे काढले. मग आम्हाला आत बोलावून पडद्यावर बोट ठेवलं. "मुळांभोवती हा काळा भाग दिसतो ना, तिथं हाड असायला हवं होतं. ते झिजून गेलंय. ही दाढ मुळाशी पिकलीय, म्हणून सूज. हिरडीखालचं भूल दिल्याशिवाय ना तपासता येतं, ना साफ करता येतं. वरची चमक बघून कुणाला संशयच आला नाही. नऊ दात काढावे लागतील."

"किती दिवस दुखत असेल तिला?" ताईनं विचारलं.

"काही महिने तरी. वर्षही असेल."

"तुमच्या मशीनमध्ये काही गडबड नाही ना?" हे दाजी. बाईंनी ताईपुढे सहीचा कागद ठेवला.

बाहेरच्या बाकावर ताई एवढंच म्हणाली, "डोकं मी धरत होते रे." दाजी समोर उभे राहून मोबाइल बघत होते.

दुसऱ्या दिवशी ताईनं पाटी उतरवली. वहीतला एकेक नंबर काढून तिनं स्वतः फोन केले. "आमच्याकडून चूक झाली, डॉक्टरांना दाखवून घ्या." काहींनी शिव्या घातल्या, काहींनी येणं सोडलं. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पुढचा नंबर लावला.

बुटकी आठवडाभरात मऊ खाणं वाटी चाटून संपवायला लागली. दाजी हल्ली पाण्याचे फिल्टर विकतात. दातांचं काम का सोडलं असं कुणी विचारलं तर म्हणतात, "मीच बंद केलं. तत्त्वाचा प्रश्न होता."