टाचणीचे नाव कमी केले त्याची हकीकत

ज्या माणसाविषयी मी लिहीत आहे तो व्यवसायाने शिंपी होता. आम्ही सर्व त्याला टाचणी म्हणत असू. एक तर त्याच्या ओठांत कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या असत. आणि दुसरे म्हणजे, त्या काढून तो बोलू लागला की समोरच्याला टोचल्याशिवाय राहत नसे. मी गवंडी आहे. आमच्या चर्चच्या पुरुषांच्या बंधुसंघात आम्ही दोघे सव्वीस वर्षे बरोबर होतो. राग शांत झाल्यावर लिहावे, असे प्रौढ साक्षरता वर्गातील बाईंनी मला सुचवले होते. मी सात महिने थांबलो. तो शांत होत नाही, म्हणून तसाच लिहायला बसलो आहे.

संघाचे काम साधे आहे. जे आजारी आहेत, ज्यांना कोणी नाही, त्यांच्या घरी दोघा-दोघांनी जायचे. प्रार्थना करायची, औषध आणून द्यायचे, गळका नळ असेल तर तोही पाहायचा. आणि ज्याच्या मागे शवपेटी उचलायला माणसे नाहीत, त्याची पेटी आम्ही उचलायची. सभासद वारला तर पेटीवर संघाचा निळा पट्टा ठेवायचा. हे सर्व पट्टे टाचणीने शिवले होते. पेटी उचलणाऱ्यांच्या जोड्याही तोच लावत असे. त्यासाठी तो प्रत्येकाच्या खांद्याची उंची टेपने मोजायचा. कोणी हसले तर म्हणायचा, "हसू नका. मेलेला माणूस तिरका चालला की जिवंतांची लाज जाते."

चर्चच्या बाजूच्या दाराशी एक पत्र्याची पेटी आहे. आजाऱ्याचे नाव, पत्ता आणि तारीख चिठ्ठीवर लिहून त्या पेटीत टाकावी, अशी आमची रीत आहे. शनिवारी सकाळी पेटी उघडायची, चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावायच्या आणि कोणी कोणाकडे जायचे ते ठरवायचे, हे काम टाचणीचे. सव्वीस वर्षांत त्याचा एकही शनिवार चुकला नव्हता. किल्ल्या दोन होत्या. एक त्याच्याकडे आणि दुसरी सचिवांच्या कपाटात.

मला लिहायला शिकायला पाठवणारा तोच. मी साठीला आलो तरी अंगठाच उठवत होतो. एकदा बैठकीत मी अंगठ्याला शाई लावत असता त्याने माझा हात धरला. "गवंड्या, ओळंब्याने भिंत सरळ करतोस, आणि अक्षराला घाबरतोस? उद्यापासून वर्गाला जा. नाही गेलास तर तुझी पँट मी आखूड शिवीन." मी गेलो.

गेल्या वर्षी मला परगावी एका इमारतीचे काम मिळाले. चार महिने लागणार होते. मी संघाला चार ओळींचा अर्ज लिहून दिला की, कामामुळे बैठकांना येता येणार नाही. तो माझ्या आयुष्यातील पहिला अर्ज. टाचणीने तो वाचला, कमरेवर हात ठेवून मला आपादमस्तक न्याहाळले आणि म्हणाला, "झाला साहेब!" धडधाकट टाचणीला मी पाहिले ते तेव्हा शेवटचे.

काम संपवून परतलो, तो रविवार होता. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, झाल्यावर सचिवांनी मला गाठले. सचिव म्हणजे निवृत्त कारकून. सभ्य माणूस, आवाज कधी चढत नाही. त्यांनी माझ्या हाती एक बंद पाकीट दिले.

"तुमच्या टाचणीला एवढं द्या. आणि येताना त्याचा पट्टा घेऊन या."

"तो आज दिसला नाही," मी म्हणालो.

"कोण जाणे. बरेच दिवस फिरकला नाही. दुकानही बंद असतं."

त्याचे दुकान चर्चच्या फाटकापासून तीस पावलांवर आहे. मी त्या दिवशी मुद्दाम मोजली.

दुकानाच्या मागेच त्याची एक खोली आहे. वहिनींनी दार उघडले आणि माझ्या हातातल्या पाकिटाकडे पाहिले. टाचणी खाटेवर होता. उजवा हात अंथरुणावर पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेले. कॉलरचे काज करता करता त्याला मशीनवरच झटका आला होता. मी परगावी गेल्यावर बाराव्या दिवशी.

"आलास?" तो म्हणाला. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. "वाळलास की रे. तिकडे विटाच खायला घालत होते का?"

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, चार महिन्यांत संघाचं पहिलं माणूस तुम्ही. हातात काय आहे?"

"पत्र आहे. संघाचं."

त्याचा चेहरा एकदम उजळला. "बघ," तो बायकोला म्हणाला, "मी म्हणत होतो ना? उशीर होईल, पण विसरणार नाहीत. वाच रे. तूच वाच. ऐकू दे मला, किती शिकलास ते."

मी पाकीट फोडले. उभा राहून, वर्गात वाचतो तसे, प्रत्येक शब्दाखाली बोट धरून मोठ्याने वाचले. आपण सलग तीन मासिक बैठकांस लेखी पूर्वसूचनेविना अनुपस्थित राहिल्याने, नियम क्रमांक नऊ अन्वये, आपले नाव सभासद यादीतून कमी करण्यात येत आहे. संघाचा पट्टा पत्रवाहकाकडे सुपूर्द करावा. एकेक शब्द नीट उच्चारण्यात माझे सारे लक्ष होते. सगळ्याचा मिळून अर्थ काय होतो, हे मला शेवटच्या ओळीवर कळले. तोपर्यंत मी सर्व वाचून टाकले होते, आणि त्याने सर्व ऐकले होते.

मग वहिनी बोलल्या, आणि त्या मला नव्हे, संघाला बोलत होत्या. "ज्याचा हात गेला त्याच्याकडून लेखी मागतात? या खाटेवरून यांनी बैठकीला उडत जायचं होतं का?"

"तुम्ही फादरना का नाही सांगितलं, वहिनी?"

"यांनी सांगू दिलं तर ना! म्हणाले, सगळे चिठ्ठी टाकतात, आपणही चिठ्ठी टाकायची. मी संघात आहे म्हणून मला मागच्या दाराने नको. शेजारच्या नर्सकडून लिहून घेतली आणि माझ्या हाताने टाकली पेटीत. झटक्यानंतर दहाव्या दिवशी."

मी टाचणीकडे पाहिले. तो छताकडे पाहत होता. "सचिवाकडे दुसरी किल्ली आहे," तो म्हणाला. "मी नसलो तर त्याने उघडायची." मग म्हणाला, "डॉक्टर म्हणतात हृदय दमलंय. फार दिवस नाहीत. मला संघाचा माणूस म्हणून जायचंय, गवंड्या. बाकी काही नको."

त्याची किल्ली शिवणयंत्राच्या खणात होती. ती घेऊन मी निघालो. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय होते, ते मला त्या तीस पावलांत समजले.

पेटी उघडली. आत अकरा चिठ्ठ्या होत्या. चार महिन्यांच्या अकरा. ओल लागून काही एकमेकींना चिकटल्या होत्या. मी त्या सभागृहात नेल्या. तेथे संघाची मंडळी चहा घेत बसली होती. भिंतीला नवा रंग दिला होता आणि संघाचे नवे छायाचित्र लावले होते. सर्वजण निळे पट्टे घालून छाती काढून उभे. मी कपबशा बाजूला सारून चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या.

"हे काय?" अध्यक्षांनी विचारले. त्यांचे लोखंडी सामानाचे दुकान आहे.

"तुमचे आजारी. पेटी कोण उघडत होतं?"

"टाचणी उघडतो," सचिव म्हणाले.

"आणि टाचणी येत नव्हता, तेव्हा?"

आमच्यातला टॅक्सीवाला म्हणाला, "आम्हाला वाटलं चिठ्ठ्याच येत नाहीत."

"अहवालात तसंच लिहिलंय," दुसरा कोणी बोलला. ते खरे होते. अहवाल फलकावर लावलेला होता आणि मी तो जाऊन वाचला. 'देवाच्या कृपेने या तिमाहीत आपल्या भागात एकही रुग्ण नाही.' देवाची कृपा! एका माणसाने कुलूप उघडले नाही, दुसऱ्याने कपाटातील किल्ली काढली नाही, आणि त्याला यांनी देवाची कृपा म्हटले. तीस पावलांवर बंद असलेले दुकान पाहून यांच्यापैकी एकालाही दार ठोठावावेसे वाटले नाही. मात्र गैरहजेरी मोजायला कोणी विसरले नाही.

"मीही चार महिने नव्हतो," मी म्हणालो. "माझं नाव का नाही काढलंत?"

"तुमचा अर्ज होता," सचिव म्हणाले.

"मी धडधाकट होतो. पण अर्ज होता, म्हणून राहिलो. त्याचा लिहिता हात गेला, म्हणून त्याचं नाव गेलं. असंच ना?"

"आवाज खाली ठेवा, चर्चचं आवार आहे," अध्यक्ष म्हणाले.

मी ठेवला नाही. माझ्या आवाजाने फादर आत आले आणि त्यांनी स्वतः चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या. दुसरी चिठ्ठी टाचणीची होती. पहिली होती गोदामाच्या म्हाताऱ्या रखवालदाराची. एकटा राहत असे. टॅक्सीवाल्याने ती हातात घेऊन पुन्हा वाचली. "तो गेला की," तो म्हणाला. "दोन महिने झाले. नगरपालिकेच्या गाडीतून नेला."

"उचलायला कोण होतं?" फादरांनी विचारले.



तेव्हा मात्र सगळे उठले. बारा माणसे टाचणीच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. अध्यक्षांच्या हातात फळे होती. ती वाटेत कधी घेतली, कोण जाणे. सचिव म्हणाले, "टाचणी, चूक झाली. तुझं नाव आत्ता लिहितो. वही आणलीय."

टाचणीने मान वळवली. "माझ्या चिठ्ठीचा नंबर कितवा?"

"दुसरा," मी म्हणालो.

"पहिला कोण?"

मी सांगितले. तो वारला हेही सांगितले, आणि कसा नेला तेही. टाचणीचा डावा हात चादरीवर आवळला. चार महिने तो कोणावर रागावला नव्हता, असे वहिनी नंतर म्हणाल्या. आता रागावला.

"मग इथे कशाला आलात? आधी त्याच्याकडे जा."

"अरे, तो तर आता..." अध्यक्ष म्हणाले.

"दफनभूमीत असेल. पत्ता माहीत नसेल तर विचारा. फळं त्यालाच न्या. जिवंतपणी तर नेली नाहीत."

बारा माणसे गेली. दफनभूमीच्या माळ्याने नोंद शोधली आणि आम्हाला कुंपणाजवळ एका जागी नेले. तेथे क्रमांकाची एक लाकडी पट्टी होती, तीही कलंडलेली. ती मी सरळ करून रोवली. फादरांनी प्रार्थना म्हटली. सचिव रडले. मला त्यांची दया आली नाही, आणि आजही येत नाही.

मग आम्ही परत टाचणीकडे गेलो. त्याने सर्वांना जमिनीवर बसवले आणि राहिलेल्या नऊ चिठ्ठ्यांच्या जोड्या लावून दिल्या. सचिवाला त्याने माझ्याबरोबर घातले. "याच्यासारखं भांडायला शीक जरा," असे त्याला सुनावले. शेवटी सचिवांनी वही उघडली. "आता लिहू ना नाव?"

"माझा अर्ज कुठाय?"

"अर्ज नको रे. लाजवू नकोस."

"नियम नऊ आहे ना तुमचा?"

"आहे, पण..."

"पण माझ्यासाठी वाकवायचा. आणि उद्या रखवालदारासारखा कोणी असला, की पुन्हा ताठ करायचा. नाही. आधी नियम बदल, मग माझं नाव घाल."

नियम फक्त मासिक बैठकीत बदलता येतो. बैठक येत्या शनिवारी होती. अध्यक्ष म्हणाले, "सहा दिवसांचाच प्रश्न आहे. शनिवारी पहिला विषय हाच घेऊ."

मी म्हणालो, "फादर आहेत, सगळे सभासद आहेत. इथेच बैठक धरा."

अध्यक्ष म्हणाले की, सात दिवस आधी सूचना काढल्याशिवाय बैठक धरता येत नाही. शनिवारची सूचना निघालेली आहे. हे त्यांनी त्या खाटेसमोर, त्या माणसाच्या तोंडावर सांगितले. मी तेव्हा त्यांना काय बोललो ते येथे लिहीत नाही, कारण बाई वाचणार आहेत.

टाचणी गुरुवारी सकाळी गेला. वहिनी त्याचे तोंड पुसत असता गेला.

शुक्रवारी चर्चमध्ये अध्यक्ष घडी केलेला निळा पट्टा घेऊन पुढे आले आणि पेटीवर ठेवू लागले. भाषणाचा कागदही त्यांच्या खिशातून डोकावत होता. वहिनी बाकावरून उठल्या आणि त्यांनी पेटीवर आडवा हात धरला.

"पट्टा नको."

"वहिनी, तो आमचा भाऊ होता."

"तुमच्या यादीत नाही तो. ज्यांना कोणी नाही त्यांना तुम्ही उचलता ना? तसंच याला उचला. रखवालदाराला उचललं नाहीत, ते ओझं याच्या खांद्याला लागून राहिलंय. भाषण करू नका. उचला."

आम्ही उचलला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बैठक झाली आणि नियम बदलला. सभासद आजारी असल्यास अर्जाची अट नाही. दोन बैठकांना न दिसल्यास दोघांनी त्याच्या घरी जायचे. पेटी दर शनिवारी दोन माणसांनी मिळून उघडायची. सर्वांचे हात वर गेले, माझाही गेला. सचिवांनी वहीत नोंद केली. मी भिंतीवरचे घड्याळ पाहत होतो. एवढ्या सगळ्याला चार मिनिटे लागली.