फर्मिनाच्या कोठीतला हुरोन

फर्मिना ओयार्सूनला माणसांबद्दल फारसा आदर नव्हता, आणि मुकादम बाल्दोमेरोबद्दल तर मुळीच नव्हता. सांता क्रूझच्या पठारावरच्या त्या मेंढवाड्यात ती एकोणीस वर्षं रांधत होती. तेवढ्या काळात तिने सात मुकादम पाहिले. हा सगळ्यांत पोकळ. घोड्यावरून उतरताना याचा पाय रिकिबीत अडकायचा, पण ऐकाल तर प्यूमा मारला तो यानेच, वादळातून कळप आणला तोही यानेच.

कोठीत उंदीर झाले तेव्हा त्याने गावाहून दोन बोके आणले. बोके मटण खाऊन चुलीपाशी लोळले. उंदरांनी पिठाची पोती फोडली, खोगिरांचे पट्टे कुरतडले.

"मुकादम, तुमचे शिपाई ढेकर देतायत," फर्मिना म्हणाली.

"सवय व्हायला वेळ लागतो, बाई."

"खायची तर पहिल्याच दिवशी झाली!"

मग एका सकाळी कोठीत हुरोन हा तिथल्या रानातला शिकारी प्राणी शिरला. मुंगसाहून बारीक, आखूड पायांचा, डोक्यावर पांढरा पट्टा. थेट बिळात घुसायचा आणि उंदराला मानेला धरून बाहेर ओढायचा. फर्मिनाने दाराची खालची फळी काढून त्याला वाट करून दिली. महिन्याभरात कोठी निवांत झाली. तिने त्याला ना नाव दिलं, ना कधी हात लावला. काम करणाऱ्याला लाड लागत नाहीत, असं तिचं मत.

मालक पाहणीला आले आणि कोठी बघून खूश झाले.

"माझ्या बोक्यांची कमाल," मुकादम म्हणाला.

तेवढ्यात हुरोन तोंडात उंदीर धरून त्याच्याच बुटांवरून गेला. मुकादम किंचाळत पोत्यांवर चढला. मालक हसले, लोकर कातरणारे गडीही हसले.

ते त्याला पचलं नाही. दुसऱ्या दिवशी फर्मिना पाणी घेऊन आली, तर मुकादम सापळ्यात मेलेला हुरोन शेपटीला धरून उभा.

"कोंबड्या खायचा हा."

"इथे कोंबड्या आहेत कुठे?"

मुकादमाने हुरोन तिच्या पायाशी टाकला. "आता जनावरासाठी रडणार की काय?"

"रडण्यात पाणी कशाला घालवू? तुमच्यावर थुंकायला लागेल ते."

हुरोन तिने कोठीमागे पुरला आणि त्याच दुपारी नदीपलीकडच्या मेंढवाड्यात कामाला लागली. हिवाळ्यात तिथे जुन्या मेंढवाड्यातला एक गडी मीठ मागायला आला. मुकादम स्वतःच रांधतो, पिठातल्या लेंड्या निवडत बसतो, म्हणाला. "परत बोलावलंय तुला."

फर्मिनाने मीठ बांधून दिलं. "सांग त्याला, मी माणसांकडेच चाकरी करते, बोक्यांकडे नाही."

आणि ती पावाचं पीठ मळायला वळली.