आंब्याचा वास

हे मी कोणापाशी बोललो नाही. सुलभापाशी — माझ्या बायकोपाशी — तर नाहीच. तुम्ही अनोळखी, म्हणून जीभ थोडी सैल होते आहे.

गोव्यातल्या आमोण्यात आमचं घर. तिला दमा आणि मला सिगारेटचा नाद. शेवटी तिने मला देवळात नेऊन उभं केलं. देवळाचे मानकरी असलेल्या गावकरांनी गाऱ्हाणं घातलं — ह्या लेकराच्या तोंडाक विडी-सिगारेट परत लागां नये रे म्हाराजा! ‘व्हय म्हाराजा,’ सगळे म्हणाले. मीही म्हणालो, अगदी मोठ्याने.

पण गाऱ्हाण्यात ई-सिगारेट कुठे होती? ते नाव गावकरांना ठाऊकच नव्हतं. देवाशी वकिली करायला आपली अक्कल किती चालते, नाही? तुयेच्या कारखान्यातून सुटलो की किनाऱ्याकडच्या एका दुकानात जायचो. दुकानदार ती काउंटरखालून द्यायचा. बंदी आहे हे त्यालाही माहीत आणि मलाही. मोबाइलवर वाचायचो — कोणी म्हणे सिगारेटपेक्षा बरी, कोणी म्हणे फुप्फुसं बिघडवतेच. मी पहिलं वाक्य वाचून फोन खिशात टाकायचो. धूर नाही, वाफ आहे, एवढं मला पुरत होतं.

न्हाणीघरात ओढायचो, ती देवपूजेला बसली की स्वयंपाकघरातसुद्धा. आंब्याचा वास यायचा. खोकल्याची गोळी, असं मी सांगितलं. तिने विश्वास ठेवला — का नाही ठेवणार?

तिचा दमा मात्र वाढला. डॉक्टरांनी माझ्यासमोरच विचारलं, घरात कोणी ओढतं का?

“ना हो, आमच्या ह्यांनी देवाक गाऱ्हाणं घालून सोडली,” ती म्हणाली. काय अभिमान होता तिच्या तोंडावर! मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो.

मग कारण शोधणं सुरू झालं. तिने देवापुढचा धूप बंद केला. लाडकी मांजर मनी शेजाऱ्यांना दिली, आणि पुढे कितीतरी दिवस जेवताना तिचा हात मनीसाठी भात काढायला जायचा. शेवटी सगळ्यांनी ठरवलं की दोष खाणीच्या ट्रकांचा, त्या लाल धुळीचा. पंचायतीत तावातावाने बोलायला मीच उठलो. लोकांनी मान डोलावली.

सुलभा वास्कोला बहिणीकडे गेली. तिथे बंदरावरचा कोळसा उडतो, खिडक्या काळ्या होतात. तरी तिला तिथे बरं वाटतं. माझ्यामुळेच होत होतं का? मला खरंच माहीत नाही. पण डॉक्टरांना कळायला हवं होतं, आणि ते सांगू शकणारा मी एकटाच होतो.

आता घरात कुठेही ओढता येते. एकाच माणसाचा भात शिजवतो, तोही उरतो. फार एकटं वाटतं.

परवा तिचा फोन आला. “ट्रक बंद जाले म्हणतत. धूळ कमी जाली काय हो? येव घरा?”

मी ओसरीवर उभा होतो. रस्ता मोकळा होता, कुंपणाची पानं हिरवीगार. ती आली असती तर, मनात ही शंका असताना, मला हातातली ई-सिगारेट सोडावी लागली असती. दुसरं काही कारण नव्हतं.

“धूळ आसा अजून,” मी म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली, आणि मनी जेवते काय ते विचारलं.