चुलीआडचे मामाजी

अख्ख्या वऱ्हाडात त्या दिवसांत पैशाला आग लावणारी माणसं पायलीला पन्नास मिळत, पण आगीचा पैसा वाचवणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्याच नशिबी चुलीच्या भिंतीपलीकडे राहायला होता. हे माझे चुलत सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, म्हणून मीही मामाजीच म्हणते. पण तेव्हा हे म्हणणंसुद्धा मनातल्या मनात. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि भिंतीच्या कडेनं सरकायचं, ही घरची रीत. तोंड उघडायची सोय असती तर या माणसाला मी एका दिवसात सरळ केलं असतं. ती नव्हती, म्हणून त्यांनी माझा जीव खाल्ला. अजून आठवलं की माझं डोकं तापतं. जळण न लागता तापतं, तेवढंच त्यांना आवडलं असतं.

आता सांगून खरं वाटणार नाही, पण तेव्हा अमरावतीत सोन्याचा धूर निघत होता आणि खऱ्या धुराची मारामार होती. सात समुद्रांपलीकडे कुणाची तरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि साहेबाच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या रानावर पडली. जो तो ज्वारी मोडून कपाशी पेरू लागला. परतवाड्याकडून जंगलातली लाकडं आणणाऱ्या बैलबंड्या सगळ्या कापसाला जुंपल्या. अकोल्याच्या वाटेनं कापूस वाहून जे भाडं मिळे, ते लाकडं वाहून सात जन्मांत मिळालं नसतं. उरलंसुरलं लाकूड रेल्वेचा रस्ता बांधणाऱ्यांनी ओढून नेलं. पूर्वी मोळीवाली दाराशी येऊन गयावया करायची. आता ती भाव सांगायची, आणि आपण तोंडाकडे पाहत राहिलो की बिनबोलता पुढच्या दाराला जायची. गोवऱ्या महाग, धसकटं महाग, दिव्याचं तेल महाग. आणि अशात आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, काय करावं? पोळ्याला बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या! बैलाच्या शिंगाला चांदी आणि चुलीच्या तोंडात राख. मी चिडून बोलले तर हसले, म्हणाले, कापूस हाये तोवर कायची चिंता. सगळं गावच असं माजलं होतं.

या माजावर मामाजींनी एकट्यानं औषध शोधलं होतं. ते म्हणजे दुसऱ्याच्या चुलीतलं लाकूड मागे ओढणं. वरण उकळी फुटायच्या बेतात असावं, आणि पाठीमागून खोकला ऐकू यावा. मी पदर सावरत कोपऱ्यात सरकले की मामाजी आत येत, उकिडवे बसत, चुलीतलं सगळ्यात चांगलं पेटलेलं लाकूड बाहेर ओढत, राखेत खुपसून विझवत आणि कोळसा पोटच्या मुलासारखा उचलून नेत. वरण कच्चं. भाकरी पांढरी. आणि जेवायला बसल्यावर हेच म्हणणार, की आजकाल सुनांच्या हाताला चव नाही. मी बोलू शकत नव्हते, म्हणून ते भिंतीपलीकडे आपल्या खोलीत गेले की चुलीशी बोलायची. "चूलमाय," मी म्हणायची, तेही चांगलं मोठ्यानं, "काई लोकाइचं कच्चं खाऊन पोट दुखते, तरी त्याइले समजत नाई." लगेच भिंतीपलीकडून उत्तर यायचं. तेही मला नाही, चुलीलाच. "चूलमाय, सांग तिले, पोट दुखलं तं ओवा मिळते. लाकूड मिळत नाई." अशी आमची भांडणं. वर्षानुवर्षं चूल मध्ये घालून आम्ही भांडलो, आणि चुलीनं बिचारीनं दोघांचंही ऐकून घेतलं.

बरं, हा छळ आमच्या घरापुरता नव्हता. गल्लीतल्या बाया त्यांचा खोकला ऐकला की चुलीपुढे परात आडवी धरत. एका नवश्रीमंत शेजाऱ्याकडे लग्न होतं. कापसावर गब्बर झालेला माणूस, त्यानं पंगतीला बुंदी ठेवली. कढईखाली जाळ पाहून मामाजींचा जीव कासावीस झाला. आचारी पाणी प्यायला उठला तेवढ्यात यांनी दोन ओंडके ओढून बादलीत बुडवले. पुढची बुंदी तेल पिऊन कढईच्या तळाशी बसली, उठेचना. आचाऱ्यानं झारा घेऊन यांना मांडवाबाहेर घालवलं. घरी येऊन काय म्हणतात, तर तेल एकदा तापलं म्हणजे तापलं, त्याला पुन्हा पुन्हा काय तापवायचं. मला हसूही येईना आणि रडूही येईना. त्या लग्नात मला कुणी हळदी-कुंकूसुद्धा धड लावलं नाही.

सकाळी कापसाच्या बंड्यांची रांग निघाली की मामाजी डोक्याला स्वच्छ पागोटं बांधून, हातात टोपलं घेऊन मागोमाग निघत. बाकीचं गाव बंडीत कापूस किती भरलाय ते पाही, हे बैलाचं पोट पाहत. एकदा एका गाडीवानाला त्यांची दया आली, म्हातारबाबा, बसा म्हणाला. तर हे म्हणाले, "मी पुढं बसलो तं मागं पडलेलं कोण उचलन? कापूस तुमचा, शेण माझं." चालत चालत बडनेऱ्याच्या पार गेले आणि दिवस कलल्यावर भरलेलं टोपलं घेऊन परतले, तोंडावर असा आनंद की जणू लग्न लावून आले. अंघोळ? ती दुपारी. सकाळपासून तांब्याची घागर अंगणात उन्हाला ठेवायची. सूर्यनारायण रोज येतो, पैसा मागत नाही, हे त्यांचं शास्त्र. पौषातल्या थंडीत त्या कोमट पाण्यानं आमचे घरचे कुडकुडत आणि मनातल्या मनात शिव्या देत. दिवेलागणीनंतर पाहुणा आला तर मामाजी नमस्कार होताच दिवा फुंकत. बोलायला उजेड कशाला, तोंड सापडतं ना, असं वर त्यालाच विचारत.

पऱ्हाटीचा मात्र त्यांना भारी राग. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली झाडं. आमच्याकडे बाकी काही नसलं तरी ती असे. ती पाहिली की म्हणत, भपकन पेटते अन् झटकन विझते, कापसाच्या पैशासारखी. त्यांचं प्रेम खऱ्या लाकडावर. आणि ते कुठे होतं सांगू? गोठ्यात, दगडांवर उंच रचून, वर ताडपत्री घालून. बाभूळ, निंब, मधोमध आंब्याचा एक ओंडका. आमच्या चुलीतला प्रत्येक कोळसा मोजून नेणाऱ्या या माणसानं स्वतःच्या सरणाचं लाकूड आधीच जमवून ठेवलं होतं! बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नाही, मागे कुणाला खर्च नको म्हणे. पाहुण्यांना लोक दागिने दाखवतात, हे सरण दाखवत. कधीकधी शेजारी आडवे होऊन उंचीला पुरतं का ते बघत. म्हणत, "जगणं तं महाग झालंच. मरण तरी आपल्या ऐपतीतलं असलं पायजे." त्या ढिगाला कुणी हात लावायचा नाही. ओल्या लाकडानं माझे डोळे चुलीपुढे सुजून जायचे, आणि भिंतीला लागून त्या मेल्यानंतरच्या सोयीला ऊन दाखवलं जायचं. संतापानं मी पोळपाट आपटायची. चूलमायला सगळं सांगायची.

मग ते वर्ष आलं. आगोटीच्या तोंडापर्यंत बंड्या कापूसच ओढत राहिल्या. पावसाळ्याआधी लाकडाची बेगमी करायची, हे पिढ्यानपिढ्यांचं शहाणपण, पण बंडीच नाही तर लाकूड येणार कुठून? आमचे घरचे म्हणत, पैसा हाये ना, घेऊ. आणि मग झड लागली. दिवसामागून दिवस नुसती धार, रस्त्यावर गुडघाभर चिखल. मला दिवस गेलेले. माझी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. आणि त्या झडीत, दिवस भरायच्या आधीच मी बाळंत झाले. मुलगी झाली. मूठभर जीव, हातपाय गार, ओठ निळे, रडायचीसुद्धा ताकद नाही. सुईण म्हणाली, गरम पाणी पाहिजे, बाजेखाली शेगडी पाहिजे, विस्तव एक घटका विझला तर हे लेकरू हाती लागायचं नाही. घरात होती ती ओली पऱ्हाटी. ती पेटेना, नुसता धूर करी, आणि त्या धुरानं पोरीचा जीव जास्तच घुसमटे. आमचे घरचे रुपयांची पिशवी घेऊन लाकडाच्या वखारीकडे धावले. ओलेचिंब होऊन परत आले, पिशवी तशीच हातात. वखारीत एक काडी नव्हती. शेगडीपुढे पिशवी धरून उभे राहिले नुसते. चांदी काय पेटते का? मला त्यांचा त्या क्षणी इतका राग आला की अंगात त्राण असतं तर ती पिशवी त्यांच्याच डोक्यात घातली असती.

तेवढ्यात दारात खोकला ऐकू आला. मला वाटलं, आता हा माणूस इथलाही विस्तव ओढायला आला. मामाजी उंबऱ्याबाहेर उभे होते. दोन्ही हातांत बाभळीची कोरडी ठणठणीत लाकडं, आणि ती भिजू नयेत म्हणून डोक्यावरचं पागोटं सोडून त्यांच्यावर गुंडाळलेलं. सासूबाईंच्या लक्षात आलं, ही लाकडं कुठली ते. त्या किंचाळल्याच, सरणाचं लाकूड बाळंतिणीच्या खोलीत, पोरीच्या जिवावर उठलात का भाऊजी म्हणून. चुकलं नाही त्यांचंही. असा अपशकुन कुणी जन्मात ऐकला नव्हता. मामाजी शांतपणे म्हणाले, "वयनी, कोणासाठी जळून राहिलो, हे लाकडाले का समजते?" पण सासूबाई दार अडवून उभ्या. मग मामाजींनी जे केलं ते त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. भिंतीशी नाही, चुलीशी नाही, सरळ माझ्याशी बोलले.

"लेकराची माय तू हायेस. तू सांग. लाकडं आत देऊ का नको?"

माझ्या डोक्यावर पदर नव्हता, भान नव्हतं. मी म्हटलं, "द्या, मामाजी." सुईणीनं हात थांबवला. आणि इतकी वर्षं पोटात साठलेलं बाहेर आलं, ते काही मला आवरेना. मी ओरडलेच, "अन् आज एकई लाकूड मागं ओढाचं नाई!"

"नाई ओढत, माय," मामाजी म्हणाले.

झड उघडेपर्यंत ते ओसरीवर कुऱ्हाड घेऊन बसले होते. आधी बाभूळ गेली, मग निंब, शेवटी आंब्याचा ओंडका फोडला. एका दुपारी माझी पोर टाहो फोडून रडली, गल्लीला ऐकू जाईल अशी. सासूबाईंनी देवापुढे डोकं टेकलं. आणि भिंतीपलीकडून लगेच आवाज आला, "चूलमाय, लेकरू आता तापलं. एक लाकूड कमी केलं तं चालते." मला जे बरं वाटलं होतं, ते तेवढ्यात पार उतरून गेलं.

त्यानंतर सगळं पूर्ववत. मी पदराआड, ते भिंतीआड. मी रोजच्या जळणातलं एखादं लाकूड त्यांच्या ढिगावर नेऊन ठेवू लागले, तर त्यावरही भांडण. दुसऱ्याचं सरण रचू नये, असं चुलीला सांगायला लागले. तो ढीग पुन्हा कधी गुडघ्याच्या वर गेलाच नाही. दर पावसाळ्यात गल्लीत कुणी ना कुणी बाळंत होई, आणि मामाजी पागोट्यात लाकडं गुंडाळून त्या दाराशी जाऊन खोकत. पुढे तिकडची लढाई मिटली, कापसाचा भाव धाडकन पडला, शेंब्या सोनाराकडे गेल्या. बंड्या पुन्हा लाकडं आणू लागल्या, तर घ्यायला कुणाकडे पैसा नाही. ज्या बाया परात आडवी धरत, त्या आता आपणहून लाकूड मागे ओढू लागल्या. मामाजींना वाटलं, जग सुधारलं. त्या वर्षी त्यांचा तोरा सहन होण्यापलीकडचा होता.

ते गेले आषाढात, तेही झडीत. दुसरा कुठला मुहूर्त त्यांना सापडलाच नाही. ढीग गुडघ्याएवढा, आणि सगळीकडे ओल. तेव्हा गल्लीतल्या घराघरानं पावसाळ्यासाठी राखून ठेवलेली पऱ्हाटी बाहेर काढली. ज्या पऱ्हाटीला जन्मभर नावं ठेवली, तिच्यावरच त्यांना जावं लागलं. भपकन पेटायची अन् विझायची, आमचे घरचे सांगत होते, सारखी घालतच राहावी लागली, सगळ्या गल्लीचं जळण संपलं. मी ऐकत होते आणि मला एकच दिसत होतं, की जमलं असतं तर हा माणूस उठून बसला असता आणि निम्मी पऱ्हाटी मागे ओढली असती.

घरात कुणी मेलं म्हणजे त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. आमची पेटली नाही, आणि त्यांच्यासाठी गल्लीतही कुणी पेटवली नाही. दिवसभर एकाही छपरातून धूर निघाला नाही. ज्यासाठी हा माणूस जन्मभर दारोदार खोकत फिरला, ते त्याला असं फुकट मिळालं. पोर माझ्या मांडीवर झोपली होती. मी गार चुलीपुढे बसले, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हटलं, "चूलमाय, सांग त्याइले. झालं का मनासारखं?"

मग मी पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला.