अक्कांच्या खोलीतला प्लग

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. यांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे दोनदा उभी राहिले, पण तिथंही ऐनवेळी भलतंच काहीतरी मागून परत आले. एरवी माझी जीभ सरळ चालते — घरात सगळे त्यावरून मला चिडवतात — पण या एका गोष्टीपाशी ती दरवेळी वळसा घेते. आजही घेईल. स्वल्प, म्हणजे जरासं, थांबा माझ्यासाठी.

आधी वस्तूचं सांगते. ते सोपं आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. बाहेरून येणारा माल उघडायचा, नमुने काढायचे, चालवून बघायचे, आणि पास की रिजेक्ट ते लिहून खाली सही करायची. सहीशिवाय काहीही रिजेक्ट करता यायचं नाही. कारखान्यानं मला महिनाभर जर्मनीला ट्रेनिंगला पाठवलं. येताना सासूबाईंना थर्मास आणला, अक्कांना शिवणकामाची कात्री आणली, आणि स्वतःला — हं, स्वतःला एक व्हायब्रेटर आणला. चार्जिंगचा. डब्यावर ‘मसाजर’ असं छापलेलं होतं आणि तो खांद्याला लावून हसणाऱ्या बाईचं चित्र होतं. पण दुकानात तो ज्या फळीवर होता ती फळी खांदेदुखीची नव्हती, एवढं मला कळत होतं.

हसू आलं तर हसा. मी काय केलं सांगू? वही केली! सवयच ती. ‘नमुना क्रमांक एक’ असं लिहून रकाने आखले. आवाज: बाथरूमचा नळ सोडला तर दाराबाहेर जात नाही. गरम होतो का: कोमट, चालेल. पूर्ण चार्ज व्हायला आठ तास, चालतो पाऊण तास. बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय पुन्हा लावायची नाही, नाहीतर तिचा दम कमी होत जातो. शेवटचा रकाना ‘उपयोग’. तो कोराच राहिला. काय लिहिणार होते मी? लग्नाला नऊ वर्षं झालेली बाई मी, नवरा सज्जन, कधी आवाज न चढवणारा — आणि आपल्या शरीराला असंही काही होऊ शकतं हे मला पहिल्यांदा तेव्हा कळलं. रडले मी, अहो. आनंदानं. लाज पहिल्या दिवशी वाटली होती, आज मुळीच वाटत नाही. तेव्हा त्या वस्तूबद्दल मी इथं कबुली देत नाहीये. ते तुम्ही डोक्यातून काढून टाका.

कबुली अक्कांबद्दलची आहे.

अक्का म्हणजे यांची मोठी बहीण. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला, आणि मल्लेश्वरमच्या आमच्या घरात परत आल्या. मागच्या खोलीत शिलाई मशीन टाकून ब्लाऊज शिवायच्या. पण घरात त्यांचा मान होता तो मडीच्या स्वयंपाकाचा. मडी म्हणजे आपलं सोवळं. आमच्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेल्या घरांत तो कानडी शब्दच चालतो. सणावाराचा नैवेद्य अक्कांच्या हातचा. पहाटे ओलेत्यानं चूल पेटवायच्या त्या. आश्रित बाई आणि घरची बाई यांच्यात जो काय फरक असतो ना, तो त्यांच्यासाठी त्या चुलीपाशी होता. हे मला माहीत होतं. पक्कं माहीत होतं.

आता प्लगचं. आमच्या खोलीतही प्लग होता, पण सासूबाई रोज दुपारी तिथं झाडायला यायच्या. अक्कांच्या खोलीत मात्र गिऱ्हाइकांची कापडं असतात म्हणून कुणी पाऊल टाकत नसे. मशीनच्या मोटरसाठी तिथं खाली, टेबलामागे, प्लग होता. अक्का ज्या दिवशी दिवसभर येलहंकाला मावसबहिणीकडे जायच्या, त्या दिवशी सकाळी कारखान्याची बस पकडण्याआधी मी वस्तू तिथं लावायची, वर चिंध्यांचं गाठोडं ठेवायची आणि संध्याकाळी काढून घ्यायची. चार-पाचदा लावली. काही झालं नाही.

मग गौरीच्या आधीचा आठवडा आला. वस्त्रमाळा करायला सासूबाईंना कात्री हवी होती, ती मी आणलेलीच, आणि ती शोधायला त्या अक्कांच्या खोलीत गेल्या. चिंध्यांखाली लाल दिवा दिसला. वायर ओढली, बटण दाबलं गेलं, आणि ते हातातून सुटून फरशीवर गरगरत सुटलं. सासूबाई भोळ्या नव्हत्या. आठ पोरांच्या घरात वाढलेली, तीन बाळंतपणं काढलेली बाई. त्यांना कळायचं ते कळलं.

मी साडेपाचला घरी आले तेव्हा ते बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रावर ठेवलेलं होतं. अक्काही नुकत्याच परतल्या होत्या. बाहेरची साडी अंगावरच, पिशवी हातात. कुणाचं आहे हा प्रश्नच नव्हता ना, खोली अक्कांची! सासूबाई माझ्याकडे वळल्या. “तू कारखान्यात दिवसभर असलंच बघतेस की गं. काय आहे हे? तूच सांग.”

मला काय करायचं होतं? ‘अम्मा, ते मानदुखीचं यंत्र, मी आणलंय.’ इतकंच. अर्धं खोटंसुद्धा चाललं असतं! डब्यावर चित्र होतं, मी परदेशातून आलेली, दिवसभर वाकून काम करणारी. कदाचित कुजबुज झाली असती. दोन दिवस तोंडं वाकडी झाली असती. माझं कोण काय वाकडं करणार होतं? पगार माझा, नवरा माझा. तरी मी घाबरले. सासूबाईंच्या डोळ्यांत जे होतं ते आपल्यावर वळेल, एवढ्याच भीतीनं मी —

मी म्हणाले, “मला काय माहीत? अक्कांनाच विचारा ना.”

एवढंच असतं तरी — नाही, थांबा, झालं ते सगळं सांगते. एवढं म्हणून मी पदर तोंडाशी नेला आणि मान खाली घातली. जणू अक्कांची लाज मलाच वाटत होती. ते मी ठरवून केलं होतं. तपासून, पारखून, मी त्या बाईला रिजेक्ट केलं, आणि खाली सही केली नाही.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. टाका नीट बसलाय का बघावं, तसं पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, “उद्यापासून मडीत हात घालू नकोस. आणि ते उचल इथून.”

“सरी,” अक्का म्हणाल्या. कानडीत ‘बरं’. बस्स. वर्तमानपत्रासकट ते उचललं आणि आत गेल्या.

त्या वर्षी गौरीचा नैवेद्य कुणी केला, विचारा. मी केला. पहाटे उठून, ओलेत्यानं, याच हातांनी. पुरण भरभरीत झालं होतं. सगळ्यांनी कौतुक केलं. अक्का पंगतीच्या टोकाला बसून जेवल्या, आणि त्यांनी पुन्हा पुरण मागून घेतलं.

सासूबाईंनी यांना काय सांगितलं कोण जाणे. बहिणीशी यांचं बोलणं हळूहळू आटलं. दसरा झाल्यावर अक्का मशीन टेम्पोत घालून येलहंकाला मावसबहिणीकडे राहायला गेल्या. निघताना माझ्या हातावर दही घातलं. खरं तर दही मी त्यांच्या हातावर घालायचं. माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं.

आठवड्यानं मी माझं कपाट आवरायला काढलं. रेशमी साड्यांच्या खाली एक पिशवी होती. गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजच्या उरलेल्या निळ्या कापडाची, आत अस्तर, तोंडाशी नाडी. आत ती वस्तू, आणि वेगळ्या कप्प्यात गुंडाळलेली वायर. पिशवी अगदी मापात शिवली होती, बोटभरही सैल नाही. म्हणजे त्यांना कळलं होतं. कदाचित पहिल्या दिवसापासून.

येलहंकाला थेट बस होती. तासाभराचा रस्ता. अक्का त्यानंतर अकरा वर्षं जगल्या, आणि मी तिथं सणाला, बारशाला, आजारपणात कितीदा तरी गेले. त्यांनी केलेली कॉफी प्यायले. सासूबाईही तोवर होत्या, त्यांनाही सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

पिशवी सापडली त्या दिवशी मी काय केलं, तेवढं सांगायचं राहिलं. ती वस्तू मी चार्जिंगला लावली. आमच्याच खोलीत, आतून कडी घालून.