बाबांनी ‘डॅमेज’ लिहायला लावलं

आज माहेरी, गोव्यातल्या सुर्ल्याला गेले होते. लोहखनिजाच्या खाणीचा लाल गाळ पावसात वाहून आमच्या भातशेतात भरला. त्याची तक्रार बाबांना इंग्रजीत हवी होती, आणि मी इंग्रजीची शिक्षिका.

मी ‘डिस्ट्रॉय’ लिहिलं. बाबांनी अर्थ विचारला.

“शेत संपलं, बाबा. आता काही उरलं नाही.”

“आणि डॅमेज?”

“नुकसान झालं, पण दुरुस्त होईल.”

“मगे डॅमेज लिही. चवथीक नव्याची कणसां खंयसून हाडूची?”

गणेशचतुर्थीला दारावर बांधायची नव्या भाताची कणसं कुठून आणायची, हा त्यांचा प्रश्न. मी खोडून डॅमेज लिहिलं. बाबांनी सही केली. निघताना शेत पाहिलं. सगळं लाल, बांधसुद्धा दिसत नाहीत. रडू आलं नाही, काहीच आलं नाही.

इथे माझ्या दारावर गेल्या चवथीची, बाबांच्या शेतातली वाळकी कणसं आहेत. आपल्या शेतातली नवी बांधली की जुनी उतरवतो. यंदा त्यांचं काय करू, सांगाल कोणी?