अर्धी मरळ

धुळा तेव्हा चाळिशीला टेकलेला. उंच, सुका, थंडीवाऱ्याला न जुमानणारा. लांडग्यानं मेंढरू उचललं तर हा गडी नुसती काठी घेऊन त्याच्या मागं पळायचा. असा माणूस गुडघाभर पाण्याला भितो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. त्या हसण्याची आता लाज वाटते.

तो जतकडचा. त्यांच्या वाडीला एकच विहीर, आणि दिवाळी झाली की तिचा तळ दिसायचा. दिवाळीनंतर तो मेंढरं घेऊन आमच्या कृष्णाकाठी यायचा. मी सत्तर साली पलटणीतून पेन्शनवर आलो आणि तेव्हापासून दरवर्षी माझ्या रानात त्याचीच मेंढरं खतासाठी बसायची. बदल्यात मी त्याला ज्वारी द्यायचो. येताना नदीवरचा पूल लागे. तो ओलांडताना धुळा डोळे गच्च मिटायचा आणि पुढच्या बकऱ्याचं शिंग धरून चालायचा.

"मालक, पूल मोडला तर वो?" त्यानं मला एकदा विचारलं.

"मोडला तर मेंढरं पोहून निघतील. तुझंच अवघड हाय," मी म्हणालो.

त्यानं ते खरं धरलं. पुढच्या खेपेला पुलावर पाय ठेवण्याआधी त्यानं आपल्या कपाळाला भंडारा लावला, बकऱ्याच्याही लावला, आणि मगच डोळे मिटले. मी गावभर ही गोष्ट सांगून लोकांना हसवलं.

बहात्तरच्या दुष्काळात तो लवकर आला, दसऱ्यालाच. सोबत बायको अंजना, पोटुशी. ही त्याची दुसरी. पहिली बाळंतपणात गेली होती, आणि तिच्या मागोमाग तिचं मूलही. धुळा हे कधी बोलत नसे, पण अंजना घागर उचलायला वाकली की तो हातातलं काम टाकून धावायचा. लोक त्याला बायकोचा बैल म्हणायचे. मीही म्हणायचो.

माघात अंजना माझ्या रानात, पालातच बाळंत झाली. मुलगी झाली. पाचव्या दिवशी अंजनाला ताप भरला. तासगावच्या डॉक्टरांनी सुया दिल्या, ताप उतरला, पण बाई उठेना. ओठ पांढरे पडलेले, भाकरी समोर नेली की तोंड फिरवायची. दूध आटलं होतं. मुलगी शेळीच्या दुधावर होती आणि रडायचाही तिला कंटाळा आला होता. गावची सुईण साळूबाई येऊन बघून गेली. जाताना तिनं आम्हा दोघांना बाजूला घेतलं.

"मरळीचा रस्सा पोटात जाऊ दे. दोन येळा गेला तरी अंगात रगत धरंल. न्हाईतर लय अवघड हाय बाबा."

मरळ हा बाळंतिणीचा मासा. एरवी मासे धरणाऱ्या भोयांच्या घरून हवी तेव्हा मिळायची. पण त्या साली गावचे सगळे भोई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले होते. पलटणीत असताना आसामात मला गळ टाकायचा नाद लागला होता, म्हणून मीच दोन दिवस बसलो. एक बोटभर शिंगटी लागली, बाकी काही नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या उसाला तोड आली. तोडीची माणसं रानात उभी, गाडी दारात. मी गळ धुळाच्या हातात दिला.

त्यानं गळाकडं बघितलं, मग नदीकडं. चेहरा उतरला होता.

"मला न्हाई जमायचं, मालक."

"बेडकी अडकवायची, पाण्यातल्या पानांच्या कडंला सोडायची, आन् गप बसायचं. लागली की वढायची."

"त्या डव्हात मगर हाय न्हवं?"

होती. आश्विनात तिनं भोसल्याचं रेडकू पाण्यावरून ओढून नेलं होतं, आणि नदी बारीक झाल्यापासून ती त्या एका डोहातच असायची. मरळही तिथंच होती, दुसरीकडं पाणी कुठं होतं?

"काठावर बसलेल्याला ती काय करत न्हाई," मी म्हणालो. मला तसं नक्की ठाऊक नव्हतं. तोडीवाले हाका मारत होते, म्हणून बोलून गेलो.

पहिला दिवस त्यानं कसा काढला ते करंजाखाली बसलेल्या गुराख्यांनी मला सांगितलं. दोरी पुरेल तितका तो पाण्यापासून लांब बसला होता. पाण्यात बुडबुडा फुटला की उठून मागं पळायचा, थोड्या वेळानं परत यायचा. दुपारी भाकरीही खाल्ली नाही. संध्याकाळी रिकाम्या हातानं पालाशी आला. अंजनानं विचारलं, कुठं होतास, तर म्हणाला, मेंढरांमागं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आधी, मी किटलीत चहा घेऊन डोहाकडं गेलो. मनातून मी थोडा वरमलो होतो. साळूबाई आदल्या दिवशी मला म्हणाली होती की अजून दोन दिवसांत काही झालं नाही तर तिच्या हातात काही नाही.

धुळा काठाच्या चिखलावर बसला होता आणि टकळीवर लोकर कातत होता. हात मोकळे. मी जवळ गेलो तेव्हा बघितलं की गळाची दोरी त्याच्या उजव्या घोट्याला बांधलेली आहे. मेंढक्याची ही सवय. नादान कोकरू असलं की त्याचं दावं पायाला बांधायचं आणि हातानं सूत कातायचं, कोकरू ओढू लागलं की कळतं. दोरीही माझी नव्हती. नायलॉनचा दोरा त्याला फार बारीक वाटला म्हणून तो सोडून त्यानं बकऱ्याच्या केसांची, स्वतः वळलेली करंगळीएवढी दोरी लावली होती. तिला बैलही तोडू शकला नसता.

"अरं, सोड ती पायाची," असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात दोरी ताठ झाली.

धुळानं टकळी टाकली. दोन्ही हातांनी दोरी धरली आणि ओढायला लागला. पानं हलली, पाणी फुटलं आणि मरळ वर आली. हातभर लांब, काळी, जाड. आयुष्यातला त्याचा पहिला मासा. धुळाच्या तोंडावर मी तसलं हसू त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तो मला म्हणत होता, "मालक, आली, आली बघा," आणि त्याचा आवाज फुटत होता. मलाही राहवेना. मी किटली ठेवली आणि मासा धरायला खाली उतरलो.

मासा काठापासून दोन हातांवर असताना त्याच्या मागचं पाणी फुगलं. आवाज असा झालाच नाही. लांबट, खडबडीत तोंड वर आलं, उघडलं आणि मरळीवर मिटलं.

घोट्याला हिसका बसून धुळा आडवा पडला. पाठीवर पडून तो चिखलावरून सरळ पाण्याकडं जायला लागला, पाय पुढं. मी त्याच्या काखेत हात घालून मागं ओढू लागलो. माझी पाचावर धारण बसली होती. पलटणीत गोळीबार बघितला आहे, पण तसलं भय मला तिथंही वाटलं नव्हतं. मगरीचा डोळा माझ्यापासून पाच-सहा हातांवर होता, आणि तो हलत नव्हता. धुळाची टाच पाण्यात गेली. त्याच्या कमरेला लोकर कापायची कातर होती.

"काप दोरी. काप, धुळा."

त्यानं कातर हातात घेतली. त्यानं पाण्याकडं बघितलं, मगरीच्या तोंडातून बाहेर राहिलेल्या माशाच्या डोक्याकडं बघितलं, आणि कातर चिखलात टाकून दिली.

"वढा, मालक," तो म्हणाला. "मला वढा."

मी शिव्या घालत ओढलं. घोटा पाण्यात गेला, मग पोटरी. दोरी मांसात रुतली होती. मग मगरीनं मान झटकली आणि आम्ही दोघं एकदम मागं, बाभळीच्या काट्यांत जाऊन पडलो. दोरीच्या टोकाला मरळ होती. डोकं आणि पोटापर्यंतचं अंग. बाकीचं मगरीनं नेलं होतं.

आम्ही काट्यांतून बाहेर आलो. धुळाचा पाय मी माझ्या फेट्यानं बांधला. मग त्यानं तो अर्धा मासा धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि मला म्हणाला, "अंजनाला ह्यातलं काय सांगू नगा. भिऊन जीव सोडंल ती."

साळूबाईनं रस्सा केला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तिसऱ्या दिवशी अंजना उठून बसली. आठवड्यानं मुलगी आईच्या दुधासाठी रडायला लागली, आणि ते रडणं माझ्या घरापर्यंत ऐकू यायचं.

पुढं कितीतरी वर्षं ती माणसं माझ्या रानात येत राहिली. धुळा मेंढरं बसवून झाली की माझ्याशी तंबाखू मळत बसायचा. अंजना मात्र माझ्याशी तुटक वागायची. पालाशी जेवायला बसलो की धुळाला अख्खी भाकरी आणि माझ्यासमोर अर्धी. पहिल्यांदा वाटलं, दुष्काळ आहे. दुसऱ्या वर्षी सुगी चांगली झाली होती, तरी अर्धीच. शेवटी मी धुळाला एकट्याला गाठून विचारलं.

तो खाली मान घालून घोट्यावरचा वण चोळत राहिला.

"तिनं इचारलं हुतं, बाकीचा अर्धा मासा कुटं गेला म्हून," तो म्हणाला. "तवा मला काय सुचंना. मी म्हनलं, मालकानं वाटा घेतला."

काठावर बसलेल्याला मगर काय करत नाही, हे मीच त्याला सांगितलं होतं. त्या दुपारी अंजनानं माझ्यासमोर अर्धी भाकरी ठेवली, आणि मी ती मुकाट्यानं खाल्ली.